कथा सांगणारा अल्बम कसा ऐकावा

गेली दोन वर्षे इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सात-आठ जण जमतात आणि एकच अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये न थांबता, ऐकतात. येणाऱ्यांत महाविद्यालयात शिकणारी माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी आहेत आणि उभे आयुष्य गाणे शिकवण्यात घालवलेली माझी आत्या आहे. आम्ही बहुतेक वेळा असेच अल्बम निवडतो की ज्यांत प्रत्येक गाणे हा एका मोठ्या कथेचा तुकडा असतो आणि पुष्कळदा एक नव्हे, तर दोन-तीन कथा एकमेकींत गुंतलेल्या असतात. असा अल्बम प्रथमच ऐकणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: गाणी आवडली, पण गोष्टीचा पत्ता लागला नाही. तो पत्ता लावण्याची एक पद्धत आमच्या हाती हळूहळू बसत गेली, ती येथे सविस्तर देत आहे. तिचा गाभा एवढाच, की ‘पुढे काय झाले’ हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा आणि प्रत्येक गाण्याला आधी ‘हे कोण गात आहे, कोणाला उद्देशून गात आहे आणि या क्षणी त्याला काय ठाऊक आहे’ असे विचारावे.

हा प्रश्न मराठी कानाला परका नाही. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेले ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत पुणे आकाशवाणीवरून, आठवड्याला एक नवे गीत या क्रमाने, प्रसारित झाले. मधे अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या ५६ झाली. ही रामकथा एकट्या निवेदकाच्या तोंडून येत नाही. राम, सीता, कौसल्या, भरत, शूर्पणखा, जटायू, शबरी, हनुमान अशी पात्रे आपापल्या जागी उभी राहून आपल्या वाट्याचे तेवढेच बोलतात आणि त्या बोलण्यांतून कथा उभी राहते. इंग्लंडमध्ये ‘प्रिटी थिंग्ज’ या बँडचा ‘एस. एफ. सॉरो’ १९६८ मध्ये आणि ‘द हू’ या बँडचा ‘टॉमी’ १९६९ मध्ये आला, आणि सलग कथा सांगणाऱ्या रॉक अल्बमांची चर्चा तेव्हापासून विशेष होऊ लागली. त्याच्या दशकभर आधी आपल्या घरोघरी दर आठवड्याला कथेचा एक तुकडा गाण्यातून ऐकला जात होता, हे मी नव्या मंडळींना आवर्जून सांगते, कारण त्यामुळे त्यांची धास्ती जाते. परक्या भाषेतला अल्बम हाती घेतानाही आपण अगदी कोऱ्या पाटीने बसत नाही.

पहिले काम म्हणजे अल्बम खरोखर कथा सांगतो की नाही हे ठरवणे. एका विषयाभोवती किंवा एका भावाभोवती गुंफलेली गाणी आणि एका कथेची गाणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या जातीच्या अपेक्षेने पहिल्या जातीचे काही ऐकले तर विनाकारण निराशा पदरी येते. शेजारच्या देवासला राहून कुमार गंधर्वांनी ‘गीतवर्षा’सारखे कार्यक्रम बांधले, भा. रा. तांब्यांच्या कवितांची ‘तांबे गीतरजनी’ सादर केली. त्या मैफलींत विलक्षण एकसूत्रता आहे, पण ती ऋतूची किंवा कवीच्या मनोवृत्तीची आहे, घटनांची नाही. तेथे ‘यानंतर काय घडले’ असे विचारणेच गैर ठरेल. बीटल्सचा १९६७ चा ‘सार्जंट पेपर्स’ हा अल्बम कन्सेप्ट अल्बम, म्हणजे एका कल्पनेभोवती बांधलेला अल्बम, म्हणून सर्वत्र ओळखला जातो. एका काल्पनिक बँडचा कार्यक्रम चालू आहे अशी त्याची बैठक आहे, पण त्यातल्या गाण्यांना जोडणारी कथा नाही. ओळखण्याची सोपी खूण अशी, की मनातल्या मनात दोन गाण्यांची अदलाबदल करून पाहावी. अदलाबदलीने केवळ रंगत बदलत असेल तर तो विषयाचा अल्बम असतो. एखादे पात्र मेल्यानंतर पुन्हा बोलू लागत असेल, तर तो कथेचा.

मांडणीविषयी थोडक्यात सांगते. फोनवर किंवा संगणकावर ऐकत असाल तर गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय बंद आहे याची आधी खात्री करावी. आमच्या पहिल्याच बैठकीत ती चालू राहिली आणि नायकाचा मृत्यू तिसऱ्याच गाण्यात उरकला. एक गाणे विरत असतानाच दुसरे सुरू करणारी सोयही बंद करावी, कारण अशा अल्बमांत दोन गाण्यांमधला जोड किंवा शांतता रचनाकाराने हेतुपूर्वक ठेवलेली असते आणि यंत्राने त्यात ढवळाढवळ करू नये. अल्बम मुळात तबकडीवर आलेला असेल तर कोणते गाणे कोणत्या बाजूला होते हे शोधून लिहून ठेवावे. तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस ते पंचवीस मिनिटांचे संगीत मावते, आणि जुने रचनाकार बाजू संपण्याच्या जागी कथेला वळण देत असत, जसा संगीत नाटकात अंकाचा पडदा पडतो. पिंक फ्लॉइडचा १९७९ चा ‘द वॉल’ हा २६ गाण्यांचा अल्बम दोन तबकड्यांवर, म्हणजे चार बाजूंवर, विभागलेला होता. तो ऐकताना आम्ही प्रत्येक बाजूनंतर दोन मिनिटे थांबतो, पण बोलत नाही. बोलण्यासाठी पोहे-जिलबीची वेळ राखून ठेवलेली असते.

पहिल्या ऐकण्यात हाती शब्द घेऊ नयेत, असे माझे ठाम मत झाले आहे. शब्द समोर असले की डोळे कानांच्या पुढे धावतात आणि आपण गाणे ऐकण्याऐवजी वाचू लागतो. पहिल्या फेरीत कोऱ्या वहीत फक्त दोन प्रकारच्या नोंदी कराव्यात: आवाज कोठे बदलला आणि एखादी चाल किंवा वाद्यांचा तुकडा पुन्हा कोठे आला. अर्थ कळला नाही तरी चालेल. या दोन नोंदींवर पुढचे सारे काम उभे राहते, आणि त्या पहिल्या फेरीत जितक्या निर्मळपणे होतात तितक्या नंतर कधीच होत नाहीत.

याची प्रचिती आम्हाला आली ती अमेरिकेतील पोर्टलंडच्या ‘द डिसेंबरिस्ट्स’ या बँडचा ‘द हॅझर्ड्स ऑफ लव्ह’ हा २००९ मधला अल्बम ऐकताना. एकमेकींत गुंतलेल्या कथा कशा ऐकाव्यात हे शिकण्यासाठी याहून चांगला नमुना मला अजून सापडलेला नाही, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. सतरा गाण्यांच्या या अल्बमाची कथा जुन्या ब्रिटिश लोकगीतांच्या वळणावर रचलेली आहे. मार्गारेट नावाच्या तरुणीला रानात एक जखमी पांढरे पाडस भेटते, ते रूप पालटून विल्यम नावाचा तरुण होते आणि दोघांचे प्रेम जुळते. विल्यमला लहानपणापासून सांभाळणारी रानाची राणी या प्रेमाने खवळते. दुसऱ्या टोकाला एक लंपट, निर्दय विधुर आहे, ज्याचा या प्रेमकथेशी पूर्वार्धात काडीचाही संबंध नाही. तो मार्गारेटला पळवून नेतो आणि दोन कथा एकत्र येतात.

दहावे गाणे सुरू झाले आणि ते संपताच भाचीने विचारले, ‘‘मावशी, विल्यमला मुले केव्हा झाली? आणि त्याने ती मारली का?’’ तिचा प्रश्न अगदी रास्त होता. त्या गाण्यात एक पुरुष थंडपणे सांगतो की वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याचे लग्न झाले, मुले झाली, बायको बाळंतपणात गेली आणि नकोशा झालेल्या मुलांना त्याने एकेक करून संपवले. हे सारे गाणारा गळा बँडचा मुख्य गायक कॉलिन मेलॉय याचा आहे, आणि त्याआधी विल्यम म्हणून गाणारा गळाही त्याचाच. मार्गारेटची गाणी बेकी स्टार्कने आणि राणीची शारा वर्डनने गायली असल्यामुळे स्त्रीपात्रांत घोटाळा होत नाही, मात्र पुरुषाच्या बाबतीत आवाजावर विसंबून चालत नाही. आवाज एक आणि पात्रे दोन असतील तर निवाडा आशयाने करावा लागतो. विल्यमची प्रेयसी गरोदर आहे आणि तो तिच्याकडे जाण्यासाठी धडपडतो आहे. या गाणाऱ्याची बायको मेलेली आहे आणि त्याला मुलांचा तिटकारा आहे. दोघांची माहिती एकमेकांशी जुळत नाही, तेव्हा हा दुसरा माणूस आहे. वहीत त्या गाण्यासमोर आम्ही अशी नोंद केली: ‘‘दहावे. कोण: नवा माणूस, विल्यम नव्हे. कोणाला: आपल्यालाच, कबुलीच्या थाटात, पश्चात्ताप नाही. काय ठाऊक: स्वतःची पापे. काय ठाऊक नाही: मार्गारेट कोण हे अजून नाही.’’ यातली शेवटची ओळ सर्वांत उपयोगी ठरली, कारण पुढच्याच गाण्यात त्याची मार्गारेटशी गाठ पडते.

एकाच गळ्यातून अनेक पात्रे येण्याची ही तऱ्हा कीर्तन ऐकलेल्या माणसाला लगेच उमगते. उत्तररंगात आख्यान लावले की बुवा क्षणात राजा होतात, क्षणात याचक होतात, पोशाख तोच राहतो, आणि श्रोत्यांत कोणी गोंधळत नाही, कारण बुवा मान वळवतात, आवाजाची पट्टी बदलतात, ‘तेव्हा राजा काय म्हणाला’ अशी कडी टाकतात. अल्बमात ही कडी नसते आणि मान वळलेली दिसत नाही. ती कडी वहीत आपण टाकायची असते. ‘गीतरामायण’ आकाशवाणीवर अनेक गायक-गायिकांच्या आवाजांत झाले, पण पुढे बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, रंगमंचावर ते एकटेच गात असत, आणि सीतेच्या तोंडचे गीत त्यांच्या पुरुषी आवाजात ऐकतानाही सीताच बोलते आहे याविषयी कोणाला शंका येत नसे. उलट बाजूचे उदाहरण म्हणजे अनाईस मिचेलचा २०१० चा ‘हेडीसटाउन’ हा अल्बम. त्यात ग्रीक पुराणकथेतल्या ऑर्फियस, युरिडिसी, हेडीस, पर्सेफनी या प्रत्येक पात्राला निराळा गायक किंवा गायिका आहे. नवशिक्यांनी खरे तर येथूनच सुरुवात करावी.

आता परतून येणाऱ्या चालींविषयी. ‘हॅझर्ड्स’ ऐकत असताना अकरावे गाणे सुरू झाले तसे आत्याने डोळे न उघडताच बोट वर केले आणि ती म्हणाली, ‘‘ही चाल मघाशी येऊन गेली. तिसरे गाणे पाहा.’’ आत्याला इंग्रजी फारसे येत नाही आणि रॉकचा गिटारी दणका तिला मनापासून आवडतो असेही नाही. परंतु बंदिशीचा मुखडा कोणत्याही लयीत ओळखण्याची सवय झालेल्या कानाला तो तुकडा पुन्हा आल्याचे चटकन कळले, आणि शब्द समजणाऱ्या आम्हा इतरांना मात्र ते कळले नव्हते. आम्ही तिसरे गाणे पुन्हा लावले. तिसऱ्या गाण्यात मार्गारेटच्या पोटात मूल असल्याचे उघड होते आणि ती आपणहून घर सोडून रानाकडे निघते. अकराव्यात तो विधुर तिला घोड्यावर आडवी टाकून पळवतो. दोन्ही वेळा तीच मुलगी आपल्या जागेवरून हलते आहे, एकदा स्वतःच्या इच्छेने आणि एकदा बळजबरीने, आणि संगीताने दोन्ही प्रसंग एका धाग्यात ओवले आहेत. हा धागा शब्दांत कोठेही सांगितलेला नाही. तेव्हापासून आमच्या बैठकीत परतून येणाऱ्या चालींची नोंद करण्याचे काम आत्याकडेच असते, आणि माझा सल्ला असा की कोणत्याही गटात हे काम गाणे शिकलेल्या माणसाकडे द्यावे, त्याला अल्बमाची भाषा येवो अथवा न येवो.

चाल परत आली की तीन गोष्टी पाहाव्यात. ती कोणाच्या तोंडी पहिल्यांदा आली आणि आता कोणाच्या तोंडी आहे. लय वाढली आहे की उतरली आहे. शब्द तेच आहेत की बदलले आहेत. पात्र बदलून चाल तीच राहिली असेल तर बहुधा एका पात्राचे काहीतरी दुसऱ्याच्या हाती गेलेले असते: एखादे वचन, एखादी आठवण, कधी केवळ भीती. ‘हेडीसटाउन’मध्ये पाताळाचा राजा हेडीस पर्सेफनीच्या प्रेमात कसा पडला हे ऑर्फियस आधी गाण्यातून सांगतो, आणि पुढे आपली युरिडिसी परत मागण्यासाठी त्याच राजासमोर उभा राहून त्या गाण्याचा दुसरा भाग गातो. येथे दोन प्रेमकथा समांतर चालत असताना एक कथा दुसरीच्या आत गाणे होऊन शिरते आणि राजाचे मन हलवते. ‘द वॉल’मध्ये ‘आणखी एक वीट’ या अर्थाचे ध्रुवपद तीन भागांत तीन वेळा येते, आणि प्रत्येक वेळी नायकाने स्वतःभोवती उभारलेल्या भिंतीत निराळ्या दुःखाची भर पडलेली असते. वडिलांचे नसणे, शाळेतला जाच आणि शेवटी सर्वांनाच दूर लोटण्याची अवस्था. तिन्ही भाग एकापाठोपाठ वेगळे काढून ऐकले तर आवाज कसा कडक होत जातो ते स्पष्ट कळते. सबंध अल्बम सलग ऐकावा या नियमाला एवढा एकच अपवाद मी मान्य करते, आणि तोही दुसऱ्या फेरीनंतर.

दुसऱ्या फेरीत शब्द हाती घ्यावेत. अल्बम परभाषेतला असेल तर ओळीला ओळ लावून भाषांतर करण्याच्या फंदात पडू नये. त्यात सकाळ जाते आणि हाती काही लागत नाही. प्रत्येक गाण्यासाठी एकच मराठी वाक्य लिहावे आणि ते पात्राच्या तोंडचे, प्रथमपुरुषी असावे. भाचीने राणीच्या गाण्यासाठी लिहिलेले वाक्य मला अजून आठवते: ‘‘मी तुला उचलून आणले, वाढवले, आणि आता तू एका रात्रीची मोकळीक मागतोस तर ती देते, पण त्यानंतर तू माझा.’’ असे लिहिताना माणसाला आपोआप ठरवावे लागते की पात्र समोरच्याला ‘तू’ म्हणते की ‘तुम्ही’, आणि ते ठरवले की दोघांमधले नाते उलगडते. इंग्रजी शब्दांत हे लपून राहते, मराठीत लपत नाही. राणी विल्यमला ‘तू’ म्हणते यात शंका नव्हती, पण विल्यम राणीला काय म्हणेल यावर आमच्याकडे अर्धा तास चर्चा झाली. शेवटी ‘आई, तू’ असे ठरले, कारण तो तिच्याशी आर्जवाने आणि हक्काने बोलतो, आणि तेथेच राणीच्या मत्सराचे मूळ आम्हाला दिसले.

यानंतर कथांचे धागे वेगळे काढण्याची वेळ येते. वहीच्या आडव्या पानावर वरपासून खाली गाण्यांचे क्रमांक लिहावेत आणि प्रत्येक कथेला एक उभा स्तंभ द्यावा. ज्या गाण्यात जी कथा पुढे सरकते त्या स्तंभात एक-दोन शब्द लिहावेत, इतर जागा कोऱ्या ठेवाव्यात. पान भरले की नजर दोन ठिकाणी जाते. एक, जेथे एकाच ओळीत दोन स्तंभ भरलेले आहेत. तो कथांचा सांधा. दुसरे, जेथे एखादा स्तंभ बराच काळ कोरा आहे. तेथे त्या कथेत पडद्याआड काही घडत असते.

‘हॅझर्ड्स’मधला सांधा नदीचा आहे, आणि तो दुहेरी आहे. बाराव्या गाण्यात राणी त्या विधुराला मार्गारेटसकट नदीपार करून देते, म्हणजे पहिल्या कथेतला मत्सर दुसऱ्या कथेतल्या दुष्टाला वाट करून देतो. तेराव्या गाण्यात विल्यम त्याच नदीच्या काठी येतो आणि तिला विनवतो की आत्ता मला पलीकडे जाऊ दे, परतताना हवे तर माझा घास घे. हे वचन वहीत लाल शाईने लिहून ठेवावे. पंधराव्या गाण्यात मारलेली मुले भुते होऊन बापासमोर उभी राहतात आणि दुसऱ्या कथेचा हिशेब तेथे पुरा होतो. त्या मुलांचा पत्ता आपल्याला दहाव्या गाण्यातच दिलेला होता, फक्त तेव्हा ते गाणे कथेबाहेरचे वाटले होते. आणि सतराव्यात, मार्गारेटला सोडवून परतताना, नदी आपले देणे वसूल करते. लाल शाईची ओळ पुन्हा वाचली की शेवट आधीच ठरलेला होता हे ध्यानात येते. माझ्या मते या अल्बमाचे खरे बळ या दोन गाण्यांच्या अंतरात आहे. विल्यम वचन देतो तेव्हा त्याला त्याची किंमत पुरेपूर ठाऊक आहे, आणि मार्गारेटला मात्र त्याची काहीच कल्पना नाही.

कोऱ्या जागा वाचायला शिकण्यासाठी पुन्हा ‘गीतरामायण’कडे यावे. सीतेला सोन्याच्या हरणाचा मोह पडतो, ते तिच्या तोंडून येते. पुढच्या गीतात ती दाराशी आलेल्या याचकाला तेथे थांबू नकोस असे बजावते. त्यानंतरचे गीत रामाचे आहे, आणि त्यात तो सीता कोठे आहे असे विचारतो. या दोन गीतांच्या मध्ये सीताहरण झालेले आहे, रामकथेतील सर्वांत मोठी घटना, आणि ती घडत असताना गाणारे कोणी नाही. मग रामाला तिच्या वेणीतली फुले सापडतात, आणि त्यानंतर मरणाच्या दारी पडलेला जटायू रावणाने तिला पळवल्याचे सांगतो. श्रोत्याला कथा पाठ असते, तरीही राम जेवढे जाणतो तेवढेच जाणत त्याच्यामागे चालावे अशी ती रचना आहे. आमच्या बैठकीत ही तीन-चार गीते ऐकवल्यावर मी सर्वांना याचकाचे गीत आणि रामाचे गीत यांच्यामध्ये वहीत एक रिकामी ओळ सोडायला सांगितली. ती ओळ कशाने भरावी यावर प्रत्येकाने निराळे लिहिले, शेजाऱ्यांनी तर काहीच लिहिले नाही आणि मला ते सर्वांत पटले. अपरिचित अल्बमात दोन गाण्यांच्या मध्ये काही निसटले असे वाटले तर आधी आपलीच चूक समजून पुन्हा ऐकावे, आणि तरीही ते सापडले नाही तर ती जागा मुद्दाम कोरी ठेवली असावी असे मानून पुढे जावे. पुढे कोणीतरी जटायू भेटतोच.

मुलाखती, आवरणावरची टिपणे, इतरांनी लिहिलेले उलगडे हे सारे तिसऱ्या फेरीनंतर वाचावे. त्यातून गंमतीची माहिती मिळते. उदाहरणार्थ, ‘हॅझर्ड्स ऑफ लव्ह’ हे नाव इंग्रज लोकगायिका ॲन ब्रिग्ज हिच्या १९६४ च्या एका छोट्या ध्वनिमुद्रिकेचे होते, त्या नावाचे गाणे मात्र तिच्यावर नव्हते, आणि ते गाणे आपण लिहावे म्हणून मेलॉय बसला त्यातून हा सबंध अल्बम निघाला. ही हकीकत आधी कळली असती तर आम्ही त्या नावाचा अर्थ शोधत बसलो असतो. नंतर कळल्यामुळे ते नाव अल्बमात चार वेळा चार अंगांनी का येते याची संगती लागली. रचनाकाराने मुलाखतीत सांगितलेला अर्थ आणि आपल्या वहीतला अर्थ जुळला नाही तर वही खोडू नये. दोन्ही शेजारी लिहून ठेवावेत आणि पुन्हा एकदा ऐकून कोणता अर्थ गाण्यांत जास्त ठिकाणी टिकतो ते पाहावे.

शेवटचे काम लहान आहे, पण ते वगळू नये. अल्बम संपला की लगेच उठू नये. पहिले गाणे पुन्हा लावून त्याचा आरंभ ऐकावा. ‘द वॉल’ एका अर्धवट तुटलेल्या वाक्याने संपतो आणि त्या वाक्याचा उरलेला भाग अल्बमाच्या अगदी सुरुवातीला, कान देऊन ऐकले तरच कळेल इतक्या हळू, उच्चारलेला आहे. दोन्ही जोडले की ‘आपण येथूनच आत आलो ना?’ असा प्रश्न पुरा होतो. ‘गीतरामायणा’च्या अखेरच्या गीतात वाल्मीकी कुश-लवांना रामायण गाण्यास सांगून निरोप देतात, आणि पहिल्या गीतात ते दोघे रामासमोर बसून गात आहेत व राम ऐकतो आहे. गेल्या रामनवमीला आम्ही सबंध ‘गीतरामायण’ दोन दिवसांत ऐकले. छपन्नावे गीत संपल्यावर भाचीने कोणी न सांगता पहिले लावले. आत्या जेवणाची पाने घ्यायला उठली होती, ती भूपाचे पहिले सूर ऐकून स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली आणि ते गीत पुरे होईपर्यंत तेथून हलली नाही.